हरित ऊर्जेच्या सरकारी घोषणा वाचायच्या कशा?

सौरऊर्जेला इतके अब्ज, पवनऊर्जेला तितके अब्ज, अशा बातम्या सतत येतात. नवख्या माणसाची नजर आकड्यावर खिळते आणि त्यातच त्याची फसगत होते. एक अब्ज अनुदान, एक अब्ज कर्ज आणि एक अब्जाची हमी या तीन गोष्टींचे मथळे सारखेच दिसतात. सरकारच्या खिशातून जाणारी रक्कम मात्र तिन्हींत फार वेगळी असते. विद्यार्थी असा, पत्रकार असा किंवा एखाद्या संस्थेत नुकतेच रुजू झालेले कर्मचारी असा, अशी घोषणा समोर आली की ती सोलायची कशी, ते पुढे क्रमाने सांगतो. एक वही घ्या किंवा कोरी एक्सेल शीट उघडा. प्रत्येक योजनेला एक ओळ आणि प्रत्येक पायरीला एक रकाना द्या.

पायरी 1 : आधी व्याजाचे गणित समजून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि म्हणूनच पुढचे काही उलगडत नाही.

गॅसवर चालणाऱ्या वीज केंद्राचा बराचसा खर्च इंधनाचा असतो आणि तो वर्षानुवर्षे थोडा थोडा होत राहतो. सूर्य आणि वारा बिल पाठवत नाहीत. तिथे जवळपास सगळा खर्च पहिल्या दिवशीच करावा लागतो आणि तो बहुतांशी उसन्या पैशातून होतो. त्यामुळे सौर किंवा पवन विजेचा भाव ठरवण्यात उन्हाइतकाच व्याजदराचाही वाटा असतो.

हिशेब करून पाहा. प्रकल्पाचा खर्च 100 धरा आणि तो 25 वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचा आहे असे समजा. व्याज 4 टक्के असेल तर वार्षिक हप्ता सुमारे 6.4 येतो, 8 टक्क्यांना 9.4 आणि 12 टक्क्यांना 12.75. पॅनेल तेच, जमीन तीच, ऊनही तेवढेच, पण हप्ता दुप्पट. श्रीमंत देशात सौर वीज स्वस्त पडते आणि कडक उन्हाच्या गरीब देशात महाग, यामागचे मोठे कारण हेच आहे.

म्हणून कोणतीही योजना हातात आली की पहिला प्रश्न हा विचारा: या पैशाने प्रकल्पाच्या भांडवलाचा खर्च किती उतरला? माझ्या मते सरकारी पैशाचे खरे काम तेवढेच आहे. खासगी सावकाराला ज्या जोखमीची भीती वाटते, ती जोखीम सरकारने उचलायची आणि व्याज खाली आणायचे. बाकी सारी त्यासाठीची साधने.

पायरी 2 : कोणते साधन वापरले ते ओळखा

अनुदान म्हणजे दिलेला आणि परत न येणारा पैसा. नवे, न पारखलेले तंत्रज्ञान असेल किंवा लाभार्थी फारच गरीब असेल, तर अनुदान योग्य. एरवी ते महाग पडते. कर सवलत हेही अनुदानच, फक्त ते खर्चाच्या बाजूला दिसत नाही, महसुलाच्या तुटीत लपते. अमेरिकेच्या 2022 च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टमधली बरीचशी मदत अशी कर सवलतीच्या वाटेने जाणारी होती. तिला कमाल मर्यादा नव्हती. जितके प्रकल्प उभे राहतील तितकी सवलत द्यायची, असा मामला. त्यामुळे सुरुवातीला जाहीर झालेला 369 अब्ज डॉलरचा आकडा हा अंदाज होता, मंजूर झालेली तरतूद नव्हे.

सवलतीचे कर्ज परत येते, पण बाजारापेक्षा कमी व्याजाने किंवा लांबच्या मुदतीने. त्यातला 'दिलेला' भाग म्हणजे बाजाराच्या व्याजातला आणि या व्याजातला फरक, तेवढाच. 100 चे कर्ज बाजारदरापेक्षा किंचित स्वस्त असेल, तर खरी मदत 5 असेल किंवा 8. मथळ्यात मात्र 100 छापून येतात.

हमी त्याहून फसवी. सरकार बँकेला सांगते, 'याने बुडवले तर मी भरतो.' कर्ज नीट फिटले तर सरकारचा एक पैसाही जात नाही. हमी वाईट आहे असे मी म्हणत नाही. उलट योग्य जागी दिलेली हमी कमी पैशात मोठे काम करते. पण हमीची रक्कम आणि अनुदानाची रक्कम एका बेरजेत दिसली, की ती बेरीज बाजूला ठेवा.

भावाची शाश्वती हे चौथे साधन, आणि जगभरच्या अनुभवात सर्वांत परिणामकारक ठरलेले. जर्मनीने 2000 साली कायदा करून हरित विजेला 20 वर्षांसाठी ठरलेला भाव दिला. याला फीड-इन टॅरिफ म्हणतात. भाव पक्का म्हटल्यावर बँका निर्धास्त झाल्या, मागणी वाढली, कारखाने वाढले, आणि 2010 ते 2020 या दशकात सौर पॅनेलच्या किमती सुमारे नऊ दशांशाने उतरल्या. त्याचे श्रेय एकट्या जर्मनीचे नाही, चीनच्या कारखानदारीचाही त्यात मोठा हात आहे. पण सुरुवातीचा महागडा माल जर्मन वीज ग्राहकांनी विकत घेतला आणि फायदा साऱ्या जगाला झाला, हे मान्य करायला हवे.

याच साधनाची दुसरी बाजू स्पेनमध्ये दिसली. 2007 मध्ये तिथे सौर विजेला इतका चढा भाव मिळाला की 2008 या एका वर्षात सरकारी उद्दिष्टाच्या कितीतरी पट प्रकल्प उभे राहिले. वीज व्यवस्थेवर तुटीचा डोंगर साचला आणि 2010 पासून सरकारने आधी कबूल केलेल्या भावातच कपात सुरू केली. गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले आणि ते खटले वर्षानुवर्षे चालले. चढा भाव ही एक चूक होती. पण दिलेला शब्द मागच्या तारखेपासून फिरवणे ही तिच्याहून मोठी चूक, कारण जी शाश्वती विकून व्याज उतरवायचे तीच त्याने मोडली.

ब्रिटनने मधला मार्ग काढला: कॉन्ट्रॅक्ट फॉर डिफरन्स. लिलावात एक भाव ठरतो. बाजारभाव त्याच्या खाली गेला तर फरक सरकारी कंपनी भरते, वर गेला तर उत्पादकाने तो फरक परत करायचा. समुद्रातल्या पवनऊर्जेचा भाव 2015 च्या लिलावात मेगावॅट-तासाला (म्हणजे 1,000 युनिटांना) 114 ते 120 पाउंडांच्या दरम्यान होता, तो 2022 मध्ये 37.35 वर आला (दोन्ही आकडे 2012 च्या किमतींत, म्हणजे त्यानंतरची महागाई वगळून). मग 2023 मध्ये काय झाले? समुद्री पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. सरकारने कमाल भाव 44 पाउंड ठेवला होता, आणि दरम्यान व्याजदर व सुट्या भागांच्या किमती दोन्ही वाढल्या होत्या. पहिल्या पायरीतले गणित ज्यांनी केले होते, त्यांना याचे आश्चर्य वाटले नसणार.

भागभांडवल, सरकारी खरेदी, हरित बँका ही आणखी साधने आहेत. हरित बँक म्हणजे सरकारच्या पैशातून उभी केलेली, पण व्यावसायिक शिस्तीने कर्ज देणारी संस्था. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याची 2011 ची, ऑस्ट्रेलियाची 2012 ची क्लीन एनर्जी फायनान्स कॉर्पोरेशन, ब्रिटनची 2012 ची ग्रीन इन्व्हेस्टमेंट बँक. यातली ब्रिटनची बँक 2017 मध्ये खासगी कंपनीला विकली गेली, आणि चारच वर्षांनी त्याच देशाला नवी सरकारी पायाभूत सुविधा बँक काढावी लागली. असो.

पायरी 3 : पैसा शेवटी कोणाच्या खिशातला

तीनच खिसे असतात: करदात्याचा, वीज ग्राहकाचा आणि प्रदूषण करणाऱ्याचा. रोखे, म्हणजे पैसे उसने घेताना विकलेली कर्जपत्रे, हा चौथा खिसा नाही, कारण ते पुढे यांपैकीच कोणीतरी फेडतो. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने 2007 मध्ये आणि जागतिक बँकेने 2008 मध्ये हरित रोख्यांची सुरुवात केली. पोलंडने 2016 च्या अखेरीस सरकारी हरित रोखे काढले, तसे करणारा तो पहिला देश. रोखे विकून उभा केलेला पैसा कुठे वापरायचा याचे बंधन त्यात असते, एवढाच साध्या रोख्यांशी फरक. फेडायचे दोन्ही.

वीज ग्राहकाचा खिसा गरिबाला जास्त टोचतो, कारण विजेवरचा खर्च गरिबाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा खातो. जर्मनीत हरित विजेचा अधिभार दोन दशके बिलातून वसूल होत असे. 1 जुलै 2022 पासून तो शून्यावर आणून भार सरकारी खजिन्यावर घेतला. योजना तीच, खिसा बदलला. तुमच्या वहीत हा रकाना रिकामा राहिला, तर योजना न्याय्य आहे की नाही यावर मत देऊ नका.

पायरी 4 : चार क्रियापदे वेगळी करा

घोषित केले, मंजूर केले, करार केला, वितरित केले. बातमी पहिल्या क्रियापदाची असते, टर्बाइन चौथ्याने फिरतात. लबाडाघरचे आवतण जेवल्याशिवाय खरे नाही, ही म्हण आंतरराष्ट्रीय हवामान निधीच्या दारावर लावण्यासारखी आहे. आणि इथे लबाडीही लागत नाही, नुसती निवडणूक पुरते.

ग्रीन क्लायमेट फंड हा 2010 च्या कॅनकुन हवामान परिषदेत ठरलेला, दक्षिण कोरियात मुख्यालय असलेला निधी. त्याला अमेरिकेने 2014 मध्ये 3 अब्ज डॉलर देऊ केले. जानेवारी 2017 पर्यंत त्यातला 1 अब्ज पोचला आणि सत्तापालटानंतर पुढचे हप्ते थांबले. आणखी 1 अब्ज यायला 2023 उजाडले. 'देऊ केले' आणि 'दिले' यांत नऊ वर्षे.

मोठा आकडाही तसाच. विकसनशील देशांना हवामान बदलाशी लढता यावे म्हणून 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू, असे श्रीमंत देशांनी 2009 मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत म्हटले. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबानुसार ते उद्दिष्ट पहिल्यांदा गाठले गेले 2022 मध्ये, 115.9 अब्ज डॉलर, म्हणजे दोन वर्षे उशिरा. बाकूच्या हवामान परिषदेत 2024 मध्ये नवे उद्दिष्ट ठरले: 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज. यात सरकारी आणि खासगी असे सगळे स्रोत धरले आहेत, हे वाक्य मूळ मजकुरात आहे आणि बातम्यांत बहुधा नसते.

पायरी 5 : 'हवामान' हे लेबल कोणी लावले?

ओईसीडीच्या पद्धतीत देणारा देशच आपल्या प्रकल्पावर खूण करतो: हवामान हा मुख्य हेतू, की महत्त्वाचा पण दुय्यम. दुय्यम असेल तर कोणी प्रकल्पाच्या रकमेचे 40 टक्के मोजतो, कोणी 50, कोणी सगळेच्या सगळे. परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासावा, असा हा प्रकार. जपानने इंडोनेशियातल्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांसाठी दिलेली कर्जे हवामान निधीत मोजल्याचे 2014 मध्ये उघड झाले होते. नवी केंद्रे जुन्यापेक्षा कमी कोळसा जाळतात, हा युक्तिवाद. नियमाने त्याला आडकाठी नव्हती.

लेबल तपासताना कर्ज किती आणि अनुदान किती, हेही पाहा. 2022 च्या सरकारी हवामान निधीत दोन तृतीयांशाहून जास्त वाटा कर्जाचा होता. दक्षिण आफ्रिकेला कोळशातून बाहेर पडण्यासाठी 2021 मध्ये 8.5 अब्ज डॉलरची भागीदारी जाहीर झाली आणि तिचे खूप कौतुक झाले. तपशील आला तेव्हा त्यात अनुदानाचा वाटा सुमारे 4 टक्के निघाला. आधीच कर्जात असलेल्या देशाला 'मदत' म्हणून मिळालेली ही बहुतांशी नवी कर्जे आणि हमी होत्या.

पायरी 6 : एका टनाचा भाव काढा

एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवायला सरकारचे किती पैसे पडले, तो हा भाव. इथे थोडा वेळ द्या. हा हिशेब तुम्ही एकदा हाताने केलात की पुढच्या दहा अहवालांतली भोके आपोआप दिसू लागतात.

एक मेगावॅटचा सौर प्रकल्प घ्या. वर्षाचे तास 8,760. क्षमतेच्या 20 टक्के उत्पादन धरले तर 1,752 मेगावॅट-तास वीज. ज्या ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, ती जाते तिथे एका मेगावॅट-तासामागे 0.7 टन कार्बन डायऑक्साइड निघतो असे समजू. म्हणजे वर्षाला सुमारे 1,226 टन वाचले, 25 वर्षांत सुमारे 30,660 टन. पॅनेलची झीज सोपेपणासाठी सोडून देऊ. सरकारने या प्रकल्पाला 3 लाख डॉलर अनुदान दिले असेल तर टनाचा भाव पडला जेमतेम 10 डॉलर. फारच स्वस्त! बहुतेक योजनांच्या माहितीपत्रकातला हिशेब इथेच थांबतो.

तुम्ही थांबू नका. 25 वर्षे ग्रिड तेवढेच मळके राहणार आहे का? इतरही हरित प्रकल्प येतील. 0.7 चा आकडा हळूहळू 0.2 वर उतरला, तर सरासरी 0.45 धरावी लागेल. वाचलेला कार्बन 19,700 टनांवर येतो आणि भाव 15 डॉलरवर जातो.

आता खरा अवघड प्रश्न: अनुदान नसते तर हा प्रकल्प झालाच नसता का? समजा योजनेतले निम्मे प्रकल्प तसेही उभे राहणार होते. मग अनुदान सगळ्यांना दिले, पण परिणाम निम्म्यांतच झाला. भाव 30 डॉलर. त्याच प्रकल्पाचा, त्याच पैशात, भाव तिप्पट झाला आणि यात कोणी खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने सोयीचे गृहीतक धरले, इतकेच.

'तसेही झाले असते का' याचे उत्तर कोणालाच नेमके मोजता येत नाही. पण खुणा असतात. योजना जाहीर होण्याआधीच प्रकल्पाचे काम सुरू झाले होते का? तसाच प्रकल्प शेजारी अनुदानाशिवाय उभा आहे का? अर्जदारांची झुंबड पहिल्या दिवशीच उडाली का? तशी उडाली असेल तर सवलत बहुधा गरजेपेक्षा जास्त आहे.

एक अपवादही लक्षात ठेवा. तंत्रज्ञान अगदी नवे असेल तर टनाचा भाव आज अवाच्या सवा दिसणारच. 2000 सालची जर्मन सौर वीज या कसोटीवर सपशेल नापास झाली असती. तिथे विकत घेतलेली गोष्ट कार्बनची बचत नव्हती, अनुभव होता. त्यामुळे टनाच्या भावाची कसोटी रुळलेल्या तंत्रज्ञानाला लावा. नव्याला विचारा, उत्पादन दुप्पट झाल्यावर खर्च किती उतरतो.

पायरी 7 : बुडाले तर कोणाचे, तरले तर कोणाचे?

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2009 मध्ये सोलिंड्रा या सौर कंपनीला 53.5 कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली. 2011 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि वर्षानुवर्षे तिचे नाव राजकीय भाषणांत शिवीसारखे वापरले गेले. त्याच खात्याने 2010 मध्ये टेस्लाला 46.5 कोटी डॉलर कर्ज दिले. टेस्लाने ते 2013 मध्ये मुदतीच्या आधीच फेडले. लवकर फेड झाल्यामुळे सरकारला कंपनीचे समभाग स्वस्तात घेण्याचा जो हक्क होता तोही संपला. म्हणजे एकीकडे तोटा पूर्ण पदरात, दुसरीकडे मिळाले फक्त व्याज.

यातून लोक 'सरकारने धंद्यात पडू नये' असा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. जोखीम उचलणाऱ्या सरकारी निधीत काही कर्जे बुडलीच पाहिजेत. एकही बुडत नसेल तर तो निधी अशांनाच पैसे देतो आहे ज्यांना कोणतीही बँक देईल. प्रश्न विचारायचा तो कराराच्या अटींचा: तोट्यात वाटेकरी असलेल्या करदात्याला नफ्यात वाटा ठेवला होता का?

पायरी 8 : वहीची दुसरी बाजू

एकाच अर्थसंकल्पात एका पानावर हरित ऊर्जेला अनुदान आणि दुसऱ्या पानावर डिझेलला. दोन्ही पाने वाचा. जीवाश्म इंधनांच्या अनुदानाचे आकडे मात्र सावधपणे उचला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा 2022 साठीचा 7 लाख कोटी डॉलरचा आकडा सर्रास सांगितला जातो. त्यात रोख अनुदान, म्हणजे खर्चापेक्षा कमी भावाने इंधन विकण्याचा भार, सुमारे 1.3 लाख कोटी आहे. उरलेला बहुतेक भाग प्रदूषण आणि हवामानाच्या नुकसानीची किंमत इंधनात न लावल्याचा. दोन्ही संकल्पना योग्य आहेत, पण पहिली बंद केली तर तेवढा पैसा तिजोरीत उरतो, दुसरी तशी नाही.

पायरी 9 : तुम्हालाच अर्ज करायचा असेल तर

मोठ्या आंतरराष्ट्रीय निधीकडे गाव, सहकारी संस्था किंवा लहान कंपनी थेट जाऊ शकत नाही. ग्रीन क्लायमेट फंडाचे पैसे मान्यताप्राप्त संस्थांमार्फतच जातात आणि देशाच्या नियुक्त सरकारी कार्यालयाची नाहरकत लागते. त्यामुळे आधी आपल्या देशातली मान्यताप्राप्त संस्था शोधा, मग दोन-चार पानांची संकल्पना टिपणी घेऊन तिच्याकडे जा. संपूर्ण प्रस्ताव आधी लिहून बसू नका. निधी सहा निकष लावतो: परिणामाची शक्यता, व्यवस्था बदलण्याची ताकद, विकासाला हातभार, गरज, देशाची मालकी (म्हणजे देशाने प्रकल्प आपला मानणे) आणि कार्यक्षमता. कच्चे प्रस्ताव बहुधा दुसऱ्या निकषावर अडतात. 'आम्ही पन्नास पंप बसवू' याला निधी प्रकल्प म्हणतो. 'पन्नास पंपांनंतर स्थानिक बँक स्वतःहून पंपांना कर्ज देऊ लागेल' याला तो बदल म्हणतो. आणि सहाव्या पायरीतला हिशेब तिन्ही गृहीतकांसकट स्वतःच मांडा. तपासणारा तो करणारच आहे.

वही कशी भरायची

घोषणेचे पत्रक सर्वांत शेवटी वाचा. आधी अर्थसंकल्पातली तरतूद, मग लेखापरीक्षकांचा अहवाल, मग निधीच्या संकेतस्थळावरचे त्या प्रकल्पाचे पान, जिथे मंजूर आणि वितरित रकमा वेगळ्या दिलेल्या असतात. प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष आणि चलन लिहा, आणि किमती चालू आहेत की एखाद्या जुन्या वर्षाच्या, हेही. ब्रिटनच्या 37.35 पाउंडाची तुलना चालू किमतींतल्या भावाशी करून भल्याभल्यांनी चुकीचे निष्कर्ष काढले आहेत. वितरणाचा रकाना रिकामा राहिला तर त्यात अंदाज भरू नका. आजची तारीख टाका आणि सहा महिन्यांनी ती ओळ पुन्हा उघडा.